चांदीचा फ्यूज आणि मी

"या आवाजात जीव नाही राह्यला," माझ्यापासून वीतभर अंतरावर कुणीतरी पुटपुटलं, आणि पाठोपाठ एक जाड बोट माझ्या अंगावरची धूळ पुसून गेलं. "समदी गडबड या बारक्याची हाये."

मित्रांनो, तो बारका म्हणजे मी. मी एक जुना काचेचा फ्यूज आहे. तुमच्या करंगळीच्या दीड पेराएवढी माझी उंची, दोन्ही टोकांना पितळी टोप्या आणि पोटात केसासारखी एक तार. एवढ्याशा देहावर एवढा मोठा आरोप कुणी करील असं मला कधी वाटलं नव्हतं. तो कसा झाला आणि पुढे काय झालं, ते तुम्हाला सांगतो. सांगण्यासारखं माझ्या आयुष्यात दुसरं फारसं काही नाही.

माझा जन्म मुंबईकडच्या एका पत्र्याच्या छपरात झाला. एक बाई काचेच्या नळीत तार ओवायची, दोन्ही बाजूंना टोप्या बसवून कथलाचा डाग द्यायची आणि टोपलीत टाकायची. दिवसाला शेकड्यांनी आम्हाला जन्म देऊनही तिनं एकाचं नाव ठेवलं नाही. आमचं काम मात्र तिनं आमच्या पोटात घालून दिलं. वीज मशीनमध्ये शिरण्याआधी माझ्यातून जाते. ती शहाण्यासारखी आली तर मी तिला वाट देतो. ती पिसाटून आली तर माझी तार वितळते, मी संपतो आणि मागचं सगळं वाचतं. गाणं गोड करणं माझ्या हातात नाही. वेशीवर बसलेल्या कोतवालाला आतल्या लग्नाच्या भाजीत मीठ घालता येतं का? तसंच ते.

एका लाकडी अँप्लिफायरमध्ये बसून मी वाशिमकडच्या केनवड गावात आलो, ते सत्तरच्या आसपास. गावात वीज येऊन थोडेच दिवस झाले होते. मशीन आणलं होतं शेषरावांनी. शेषराव रिसोडच्या जिनात फिटर होते. कापसातून सरकी काढायची मोठाली यंत्रं दिवाळीपासून होळीपर्यंत धडधडत असतात, त्यांची दुरुस्ती यांच्याकडे. यांचा कान पंचक्रोशीत नावाजलेला. लांब पेचकसाचं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं, पातं चालत्या यंत्राला लावायचे, मूठ कानाला टेकवायचे आणि सांगायचे, तिसऱ्या बेअरिंगमधली एक गोळी गेली. उघडून पाहिलं की तीच गोळी गेलेली असायची.

घरी आल्यावर हेच शेषराव गायन मंडळाचे मुख्य गायक व्हायचे. चौदा एप्रिलच्या जयंतीला केनवडात पहिलं गाणं त्यांचं, हे ठरलेलंच होतं. पेटीवर देवमन. देवमन वयानं सात-आठ वर्षांनी लहान, बोलायला कमी. पण शेषरावांनी श्वास घेतला की पुढचा सूर कोणता येणार हे त्याच्या बोटांना आधी कळायचं. वीस वर्षांची जोडी होती. नवीन रेकॉर्ड, म्हणजे घरातल्या भाषेत नवीन तवा, आला की दोघं मशीनपुढं बसून चाल उचलायचे.

शेषरावांना सगळं उघडं ठेवून बघायची सवय. मशीनची मागची फळी त्यांनी पहिल्याच दिवशी काढली, ती पुन्हा लावलीच नाही. मशीनची पाठ होती चुलीकडे. त्यामुळे मैफल मला फळ्यांच्या फटीतून थोडीशीच दिसायची, पण शेषरावांच्या बायकोचं, वच्छलेचं तोंड मात्र मी रोज पाहिलं. भाकर थापताना ती तव्यावरचं गाणं ओठातल्या ओठात म्हणायची आणि कडव्याच्या शेवटी भाकर उलटायची. गाणं लांबलं तर भाकर थोडी करपायची. त्याची घरात कुणी तक्रार केली नाही. एकूण माझी पाच वर्षं अशी चुलीच्या उबेत आणि गाण्याच्या सोबतीत सुखानं गेली. कौतुक कुणी केलं नाही, पण फ्यूजचं कौतुक होत नाही तोवरच घर ठीक चाललेलं असतं.

मग एका पावसाळ्यात मशीन खरखरायला लागलं. ओलीनं माझ्या टोप्यांवर हिरवट कीट चढलं होतं आणि वीज माझ्यापाशी येऊन अडखळत होती. रिसोडचा रेडिओ दुरुस्तीवाला शालिग्राम आला. त्यानं मला काढलं, पॉलिशपेपरनं टोप्या घासल्या, परत बसवलं. खरखर गेली. दोन मिनिटांचं काम.

त्या दोन मिनिटांनी घात केला. शेषराव फिटर. लहानसा पार्ट बिघडला की अख्ख्या यंत्राचा आवाज बदलतो, हे त्यांनी जन्मभर पाहिलं होतं. त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं की आवाजाची किल्ली या फ्यूजमध्येच आहे. धूळ आणि कीट पुसलं एवढंच झालं होतं, हे शालिग्रामनंही सांगितलं नाही. गिऱ्हाईक खूश असताना कोण खुलासा करतो.

त्यानंतर साधारण वर्षानं आवाजातला जीव गेल्याची तक्रार सुरू झाली. खरं सांगू, मला आधीच शंका आली होती. आवाज वाढवला की मशीन जास्त वीज ओढतं आणि माझी तार कोमट होते. पूर्वी आवाजाचं बटण जिथं असायचं, तिथून ते महिन्या-महिन्याला पुढं सरकत होतं, आणि मी जास्त जास्त तापत होतो. मशीनमध्ये काहीच बदललं नव्हतं. बदल मशीनच्या बाहेर होता.

बाहेरच्यांनाही तो कळत होता. शेषराव "काय?" असं फार विचारायला लागले होते. लोक त्यांच्याशी बोलताना नकळत समोर येऊन उभे राहायचे. पाठीमागून हाक मारली तर ते वळत नसत, आणि हाक मारणारा मग दुसऱ्याच कामाला निघून जायचा, जणू त्याला बोलावायचंच नव्हतं. जिनात मात्र अजून निभत होतं. पेचकसाची मूठ ते आता कानाच्या भोकाशी न लावता कानामागच्या हाडाला टेकवायचे. हाडातून त्यांना अजून नीट ऐकू यायचं. एकदा मी त्यांना तोच पेचकस स्पीकरच्या खोक्याला लावून बसलेलं पाहिलं. वच्छलेनं विचारलं तर म्हणाले, खोकं तपासून राह्यलो. त्यांना स्वतःला ठाऊक होतं की नव्हतं, हे मी आजही सांगू शकत नाही. ज्याचं गावात नावच कानावर आहे, त्याच्या कानाबद्दल त्याच्यापाशी कोण बोलणार? म्हणून कुणीच बोललं नाही, आणि सगळा दोष माझ्यावर आला.

त्या दिवाळीत शेषरावांनी शालिग्रामचा बिघडलेला टेबलपंखा दुरुस्त करून दिला. त्याबदल्यात शालिग्रामनं एक डबी आणली. डबीत कापसाच्या गादीवर एक फ्यूज निजला होता. पांढरं चिनीमातीचं अंग, सोनेरी टोप्या आणि आत, म्हणे, शुद्ध चांदीची तार. अकोल्याच्या एका व्यापाऱ्यानं त्याला सांगितलं होतं की मुंबईचे शौकीन लोक असाच फ्यूज वापरतात, त्यानं सूर मोकळा होतो. शालिग्रामनं ते ऐकलं तसं सांगितलं. खोटं सांगतोय असं त्यालाही वाटत नव्हतं.

फ्यूज बदलायला गावातले सात-आठ जण जमले. वच्छलेनं चहा ठेवला. शेषरावांनी मला चिमटीत धरून काढलं, चांदीचा फ्यूज बसवला आणि त्याच्या मानानं तवाही चांगला निवडला. बटण होतं त्याच्या आणखी दोन रेघा पुढं नेलं. गाणं सुरू झालं. भिंतीवरची माती पडेल एवढं मोठं सुरू झालं.

मंडळाचे अध्यक्ष उकंडराव म्हातारे आणि भिडस्त. शेषरावांचं तोंड उजळलेलं पाहून त्यांनी मान डोलावली. म्हणाले, तूप घातल्यासारखा आवाज झाला. मग दुसऱ्यानं म्हटलं, पेटी वेगळी ऐकू येऊन राह्यली, ढोलक वेगळा. तिसऱ्याला त्यात झांजाही सापडल्या. त्या गाण्यात झांजा नव्हत्या, मी ते पाच वर्षं ऐकत आलो होतो. आणि मजा अशी, की थोड्या वेळानं त्यांना खरोखरच वेगळं ऐकू यायला लागलं असावं. चहा गरम, माणूस आनंदात, डबी सोनेरी. कानाला आणखी काय लागतं?  देवमन तेवढा मान न डोलावता आपली बोटं गुडघ्यावर हलवत बसला.

मला वच्छलेनं उचललं. शेषराव म्हणाले होते, फेकून दे. तिनं मला शिवणाच्या डब्यात टाकलं. तिथं गुंड्या, दोन गंजक्या सुया, एक तुटकं बक्कल अशी मंडळी होती. उपेक्षेबद्दल रडगाणं गायचं नाही असं मी ठरवलंय, पण एवढं सांगतो, गुंडीला शर्टापलीकडचं काही कळत नाही. तिच्याबरोबर चार महिने काढणं सोपं नव्हतं.

फाल्गुन लागला होता. एका दुपारी शेषराव जिनात गेलेले, वच्छला एकटी. तिनं आपल्या आवडीचा तवा लावला होता. तेवढ्यात शिवारातल्या विहिरींवरच्या मोटारी एकदम बंद झाल्या. अशा वेळी वीज उसळते. चांदीच्या फ्यूजनं एक हलकीशी टिचकी दिली आणि गाणं तुटलं. त्याच्याबद्दल मला आदर वाटला. दिसायला दिमाखदार होता, पण वेळ आल्यावर त्यानं आमच्या जातीचं काम चोख केलं. मशीनला झळ लागली नाही.

वच्छलेनं आधी प्लग काढला, मग शिवणाचा डबा उघडला. तिनं मला पदरानं पुसलं आणि शेषराव बसवत तसंच माझ्या जुन्या जागी बसवलं. तव्यावर सुई ठेवली. गाणं मघाशी जिथं तुटलं होतं तिथूनच पुढं निघालं. तिनं मान तिरपी करून अर्धं कडवं ऐकलं. मग मशीनकडे पाहून हसली. ते हसू मी कधी विसरणार नाही. त्यात माझी वाखाणणी नव्हती, पण ओळख होती.

संध्याकाळी शेषराव आले, हातपाय धुऊन तवा लावला, बटण फिरवलं आणि डोळे मिटून म्हणाले, "पाह्य, चांदी ते चांदीच."

वच्छला पीठ मळत होती. तिनं परातीतून मान वर केली नाही. जळका फ्यूज तेव्हा तिच्या कमरेच्या गाठीत होता.

पण त्या दिवसापासून तिचं मन स्वस्थ राहिलं नाही. पुढच्या रविवारी शेषराव उंबऱ्यात मशीनकडे पाठ करून सुपारी कातरत बसले होते. वच्छलेनं हळूच तवा लावला आणि बटण ठेवलं पाच वर्षांपूर्वी असायचं तिथं. गाणं वाजू लागलं. शेषराव सुपारी कातरत होते. पहिलं कडवं झालं. दुसरं झालं. वच्छला हातात पातेल्यावरचं झाकण घेऊन तशीच उभी. तेव्हा शेषराव न वळता म्हणाले, "लाव न वं एखादा तवा. घर सुनं सुनं लागून राह्यलं."

तिच्या हातातलं झाकण खाली पडलं नाही. ती तशी बाई नव्हती. ती "लावते" म्हणाली, बटण पार पुढं नेलं, आणि शेषराव म्हणाले, आता कसं. मी तापत होतो आणि माझ्यासमोर वच्छला पदराचं टोक तोंडात धरून चुलीतला जाळ सारखा करत होती. जाळ सारखाच होता.

इथवर सगळं घरातल्या घरात होतं. घराबाहेर आलं ते जयंतीच्या तालमींत.

तालमीत शेषरावांचा सूर पेटीपासून सुटायला लागला. सुटला की ते थांबायचे आणि देवमनकडे पाहायचे. एके संध्याकाळी ते म्हणाले, "देवमन, तुह्या पेटीचा सूर उतरला."

देवमननं पेटी सायकलला बांधली आणि वाशिमला नेली. कारागिरानं सगळे सूर तपासले आणि पेटी होती तशी परत दिली. देवमननं आल्यावर एवढंच सांगितलं, की दाखवून आणली. पुढच्या तालमीत पुन्हा तेच. शेषरावांनी सगळ्यांसमोर म्हटलं, की पेटी ठीक असेल तर मग बोटं बिघडली. यंदा जयंतीला शिरपूरचा पेटीवाला आणू. उकंडरावांनी भिडेखातर मान हलवली. वीस वर्षांत केनवडच्या जयंतीला दुसऱ्या कुणी पेटी वाजवली नव्हती.

देवमन चुलीशी पाणी प्यायला आला. मला दोघं दिसत होते. तो हळू आवाजात म्हणाला, "वैनी, दोन सालापासून मी दादाच्या मांगं सूर बदलून राह्यलो. ते जिकडं जातीन तिकडं पट्टी नेतो. लोकायले समजू नाही देल्लं. आता ते इतके सरकतात, का माह्याच्यानं पुरत नाही."

वच्छलेनं विचारलं, "सांगतलं काहून नाही?"

"तुमी सांगतलं का?" देवमन म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. त्यानं पेला पालथा घातला आणि तो निघून गेला.

मित्रांनो, शेवटचं सांगण्याआधी माझं थोडं ऐका. मशीनची मागची फळी उघडी ठेवू नका. माझ्या टोप्या वर्षातून एकदा कोरड्या फडक्यानं पुसा. मी संपलो तर माझ्या जागी वायरचा तुकडा किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी कधी घालू नका, घर पेटेल. हे माझ्या कामातलं सांगणं झालं. दुसरं माझ्या कामाबाहेरचं आहे, तरी सांगतो. घरातलं एखादं माणूस सारखं "काय, काय" विचारायला लागलं, तर मशीन उघडण्याआधी त्या माणसाजवळ जाऊन बसा. मी तुटतो तेव्हा एका क्षणात तुटतो आणि पुढचं नुकसान टळतं. माणसांना तोडणं जिवावर येतं, म्हणून ती भल्या मनानं गप्प राहतात, आणि त्या गप्प राहण्यात भलतंच कुणीतरी भाजून निघतं. देवमननं काय बिघडवलं होतं कुणाचं?

जयंतीला चार दिवस राहिले होते. सकाळची वेळ. मशीन मोठ्यानं चालू होतं. उकंडराव शिरपूरला माणूस धाडायचा म्हणून शेषरावांकडून निरोप न्यायला आले होते. तेवढ्यात देवमन आला. पेटी चादरीत बांधलेली, डोक्यावर. पेटी मंडळाची होती. त्यानं ती शेषरावांसमोर जमिनीवर ठेवली, चादरीची गाठ सोडली, चादर घडी करून खांद्यावर टाकली. चादर त्याची होती. म्हणाला, मंडळाची वस्तू मंडळाला पोचली.

 उकंडराव छताकडे पाहत होते. दारातून शेजारच्या दोघी-तिघी डोकावत होत्या. देवमन जायला वळला.

तेव्हा वच्छला चुलीपासून उठली. माझ्या समोरून आली, हात लांब करून तिनं मशीन बंद केलं. माझ्यातली वीज थांबली. घरात इतकी शांतता झाली, की चुलीवरचं पाणी ऐकू यायला लागलं. ती शेषरावांजवळ जाऊन बसली आणि हळू, अगदी घरगुती आवाजात काहीतरी म्हणाली. चार माणसांत नवऱ्याला सांगायची गोष्ट नव्हती ती, म्हणून तिनं शक्य तेवढी ती लहान करून सांगितली.

"काय?" शेषराव म्हणाले.

तिनं पुन्हा सांगितलं, थोडं स्पष्ट. शेषरावांनी कानामागं हात धरला आणि तिच्या ओठांकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावर आठी पडली होती, यंत्रापुढं उभे असताना पडायची तशी.

"काय म्हन्तं? मोठ्यानं बोल."

वच्छलेनं एकदा दाराकडे पाहिलं, एकदा देवमनकडे. ही गोष्ट हळू सांगता येणारच नाही, हे तिला तेव्हा कळलं असावं. तिनं पदर सावरला, नवऱ्याचा पेचकसानं घट्टे पडलेला उजवा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाईल, शेषरावांपर्यंत पोचेल, अशा आवाजात म्हणाली,

"पेटी बराबर हाये. देवमनभाऊची बोटं बराबर हायेत. त्या मशीनीत बी दिवाळीच्या आंदीचा तोच जुना फ्यूज हाये, म्या बसवला. तुमाले आयकू येऊन नाही राह्यलं."